नवा मीटर बनवा, पण जुना काढू नका

वैजापूर तालुक्यात मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. दूध घालायला तीच, कॉलेजला तीच, बाजार समितीत भाव विचारायला तीच. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तरी तीच. वाळूजच्या कंपनीत पाळीला जाणारा असो की रोटेगाव स्टेशनवर पाहुण्यांना आणायला निघालेला, गाडीची चावी घरात सगळ्यांच्या हाताला लागते.

अशा घरातला मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणते, "मी गाडीला डिजिटल मीटर बनवणार." मोबाइलवर पाहिलेलं असतं. सामान कुरिअरने घरी येतं आणि किंमतही फार नसते. हे आवाहन त्या मुलांसाठी आहे, आणि त्यांच्या आई-वडिलांसाठीही.

आई-वडिलांनो, आधी तुमच्याशी बोलतो. "नसते उद्योग करू नकोस" असं म्हणून मुलाला उडवून लावू नका. हे काम चांगलं आहे. यात वीज कळते, मोजमाप कळतं, चिकाटी लागते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा छोटा संगणक. त्याला एकच काम शिकवायचं आणि त्याने ते न थकता करायचं. २००५ साली इटलीत आर्डुइनो नावाचा बोर्ड निघाला तो विद्यार्थ्यांना हे सोपं जावं म्हणूनच. आज आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा मुलगा घरच्या टेबलावर हे शिकू शकतो. उद्या वाळूजला मुलाखतीला गेला तर हातात दाखवायला काहीतरी असेल.

मुलांनो, आता तुम्ही ऐका. नवा मीटर जरूर बनवा. पण गाडीचा मूळ मीटर काढू नका. तो जागेवर, चालू स्थितीत राहू द्या. नवा मीटर त्याच्या शेजारी, हँडलवर बसवा. पुढचं सगळं सांगणं याच्या आधाराने आहे.

मूळ मीटर का ठेवायचा? पहिलं कारण कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११७ व्या नियमाप्रमाणे गाडीला वेग दाखवणारा मीटर लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. त्यातल्या १८२-अ कलमाप्रमाणे, नियमात न बसणारा बदल मालकाने गाडीत केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मालक' हा शब्द नीट वाचा. काम मुलाने केलं तरी गाडी बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असते.

दुसरं कारण किलोमीटरचं. गाडी किती फिरली, याचा हिशेब मूळ मीटरमध्ये असतो. तो काढला की गाडीचा इतिहास तुटतो. विकताना गिऱ्हाईक संशय घेतं आणि भाव पाडतं. तुम्ही काही लबाडी केलेली नसते, पण ते पटवून देणं अवघड जातं.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. कंपनीचा मीटर बाजारात येण्याआधी पुष्कळ हाल सोसून आलेला असतो. त्याला तासन् तास हादरवतात, तापवतात, गारठवतात, त्याच्यावर पाणी मारतात. पुण्याला एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या अशाच तपासण्या करते. तुमचा मीटर टेबलावर चांगला चालला, एवढीच त्याची परीक्षा झालेली असते. त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा मूळ मीटरच्या शेजारी काढू द्या. मग त्याची लायकी कळेल.

आता कामाला लागा. पण गाडीला लगेच हात लावू नका.

पहिले काही आठवडे सगळं टेबलावरच करा. बोर्ड, डिस्प्ले आणि वेग मोजणारा भाग जोडा, मोबाइलच्या चार्जरवर चालवा. आकडे नीट येतात का ते बघा. तासभर बंद न पडता चालतो का ते बघा. टेबलावर अडखळणारा मीटर गाडीवर सुधारत नाही.

वेग मोजायचे दोन मार्ग आहेत. एक, चाकाला छोटं चुंबक लावायचं आणि समोर चिमट्यावर सेन्सर बसवायचा. चुंबक समोरून गेलं की एक फेरा मोजला जातो. दुसरा, जीपीएसचा. आकाशातल्या उपग्रहांवरून वेग कळतो, चाकाला हात लावावा लागत नाही.

पहिल्या मीटरसाठी तुम्ही जीपीएसच घ्या. चुंबकाचा मार्ग जुना आणि पक्का आहे, हे खरं. पण सेन्सरची पट्टी ढिली झाली आणि फिरत्या पुढच्या चाकात गेली तर चाक जागेवर अडकतं. माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जीपीएसमध्ये ही भीतीच नाही. वैजापूरकडे उंच इमारती आणि दाट झाडी कमी, वर आकाश मोकळं. त्यामुळे आपल्याकडे जीपीएस चांगलं चालतं. गाडी चालू केल्यावर उपग्रह सापडायला त्याला अर्धा मिनिट किंवा थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा धीर धरा. गाडी उभी असतानाही जीपीएस जागा थोडी इकडेतिकडे दाखवतं आणि नसलेलं अंतर वाढत जातं. म्हणून ताशी तीन-चार किलोमीटरच्या खालचा वेग मोजायचाच नाही, असं प्रोग्राममध्ये लिहा.

पुढे कधी चाकाचा सेन्सर लावलाच, तर चाकाचा घेर पुस्तकातून घेऊ नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. नेहमी चालवणारा माणूस गाडीवर बसू द्या, कारण वजनाने टायर दबतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकलत पाच फेरे पूर्ण करा. अंतर टेपने मोजा आणि पाचाने भागा. साध्या १०० सीसीच्या गाडीचा घेर साधारण १.९ मीटर भरतो. म्हणजे ताशी ६० च्या वेगात चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेतं. घेर चार सेंटिमीटरने चुकला तर शंभर किलोमीटरमागे दोन किलोमीटरचा फरक पडतो.

एबीएसची गाडी असेल तर तिच्या चाकाच्या सेन्सरची वायर तुम्ही कधीही वापरायची नाही. त्या वायरीवर ब्रेक अवलंबून आहे.

मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधी दाखवू नये. थोडा जास्त दाखवला तर चालतो, कंपन्यांचे मीटरही तसेच ठेवलेले असतात. खात्री करायची तर मोकळ्या सरळ रस्त्यावर सकाळी लवकर जा. मागे एकाला बसवा. मोबाइलमधला वेग त्याने बघायचा आणि मोठ्याने सांगायचा. चालवणाऱ्याने रस्त्यावरून नजर हलवायची नाही. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवं. हे करायला समृद्धीवर जाण्याचा विचारही मनात आणू नका. जांबरगावचा नाका जवळ आहे, पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

आता विजेकडे येऊ. सगळ्यात जास्त मीटर इथे जळतात.

गाडीच्या बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात इंजिन चालू असताना ते १४ च्या पुढे जातं. गाडीचा रेग्युलेटर बिघडला तर त्याहून वर. शिवाय हॉर्न, सेल्फ, इंडिकेटर चालू-बंद होताना क्षणभर मोठे झटके येतात. तुमच्या बोर्डाला हवे असतात ५ किंवा ३.३ व्होल्ट. म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लागतो. तो घेतला की लगेच बोर्डाला जोडू नका. आधी त्याचा छोटा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर बरोबर ५ व्होल्ट करून घ्या. दुकानातून येतो तेव्हा तो कितीवर लावलेला आहे, याचा भरवसा नसतो. त्याच्या आधी झटका गिळणारा टीव्हीएस डायोड बसवा. आणि त्याच्याही आधी एक अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या बाजूला जितका जवळ जमेल तितका.

तो फ्यूज विसरू नका. टाकीखालून जाणारी वायर घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली तर पाच-दहा रुपयांचा फ्यूज जळतो. फ्यूज नसेल तर वायर जळते. वर टाकीत पेट्रोल आहे.

करंट कुठून घ्यायचा? चावी फिरवल्यावरच ज्या वायरीत करंट येतो, तिथून. थेट बॅटरीवरून घेऊ नका. तुमचा मीटर ५० मिलिअँपिअर जरी खात असला तरी चोवीस तासांत १.२ अँपिअर-अवर जातात. लहान गाडीची बॅटरीच मुळात ३ अँपिअर-अवरच्या आसपास असते. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरली. मग ऐन वेळी हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेल्फ नाही.

जुन्या गाड्यांमध्ये अजून एक गोष्ट तपासा. रेस वाढवली की हेडलाइट वाढतो आणि रेस सोडली की मंद होतो, अशी गाडी असेल तर त्या लाइटच्या वायरीतून करंट घेऊ नका. तो बॅटरीचा करंट नाही, थेट मॅग्नेटवरून येतो. तो बोर्डाला मानवत नाही.

मूळ वायरिंग कापू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. वायर सोलायची, पिळायची आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची ही सवय आपल्याकडे फार आहे. पावसाळ्यात त्या पट्टीखाली पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि दोन महिन्यांनी गाडी रस्त्यात बंद पडते. मग कारण सापडत नाही. त्यापेक्षा गाडीच्या कपलरसारखाच नर-मादी कपलर आणा. मधे बसणारी छोटी जोड-वायर बनवा. पाहिजे तेव्हा काढता येते आणि गाडी पुन्हा जशीच्या तशी होते. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखी महत्त्वाचं. नवीन जोडलेली वस्तू विमा कंपनीलाही कळवून ठेवा. उद्या दावा करायची वेळ आली तर तेव्हा प्रश्न नकोत.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर जास्त जपा. या बहुतेक गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं, ते छोटा संगणक ठरवतो. त्याच्या वायरींना हात लावायचा नाही.

सगळं जोडून झालं की एक परीक्षा घ्या. नव्या मीटरचा फ्यूज काढून टाका. आता गाडी चालू होते का? हेडलाइट, ब्रेकचा लाइट, चारही इंडिकेटर, हॉर्न, मूळ मीटर, सगळं नेहमीसारखं चालतं का? चालत असेल तरच काम बरोबर झालं. तुमचा मीटर बंद पडला म्हणून गाडीचं एकही काम अडता कामा नये. एखादी गोष्ट अडत असेल तर जोडणी सोडा आणि पुन्हा करा. ही परीक्षा आई-वडिलांनी समोर उभं राहून बघावी. त्यासाठी त्यांना वीज कळायची गरज नाही.

किलोमीटर जपून ठेवण्याची एक खोच आहे. अनेकजण इथे फसतात. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये चावी काढल्यावरही आकडा लक्षात ठेवणारी छोटी जागा असते. एकाच ठिकाणी सुमारे एक लाख वेळा लिहिता येईल, अशी तिची हमी असते. लाख म्हणजे पुष्कळ वाटतं. पण प्रोग्रामने दर सेकंदाला आकडा लिहिला तर एक लाख सेकंद अठ्ठावीस तासांत संपतात. वहीच्या एकाच ओळीवर लिहून-खोडून शेवटी कागद फाटतो, तसंच. म्हणून दर किलोमीटरला एकदाच लिहा. आणि दर वेळी एकाच जागी लिहू नका, जागा बदलत जा. कामाला सुरुवात करण्याआधी मूळ मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि त्याच आकड्यापासून नवा मीटर सुरू करा.

पेट्रोलच्या काट्याच्या मागे पहिल्यांदा लागू नका. टाकीतला फ्लोट गाडी हलली की हलतो, आकडा नाचतो, तो शांत करायला बरंच काम लागतं. त्यापेक्षा पेट्रोल भरल्यापासून किती किलोमीटर झाले, तेवढं दाखवा. रोजच्या कामाला ते पुरतं. टाकी उघडून काही करायचंच असेल तर अंगणात, मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि दिसत नाही. जवळपास सोल्डरिंग, बिडी, चूल, देवाचा दिवा काही नको. इंजिनचे फेरे मोजण्याचंही पुढे बघू. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. ती वायर बोर्डाच्या जवळ नेली तरी आकडे वेडेवाकडे होतात, बोर्ड मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

आता आपलं हवामान. एप्रिल-मे महिन्यात वैजापूरला पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावून बघा. स्वस्तातल्या साध्या एलसीडीची मर्यादा अनेकदा ५० अंशांचीच असते. काळ्या बंद डबीत भर दुपारी त्याहून जास्त होतं, आणि पडदा काळा पडतो. म्हणून डबी फिक्या रंगाची घ्या. ७० अंशांपर्यंत चालणारा डिस्प्ले मागवा. रंगीत पडदा टेबलावर छान दिसतो, पण आपल्या उन्हात त्यावरचं काही वाचता येत नाही. फिक्या पडद्यावर काळे मोठे आकडे दिसणारा साधा एलसीडी घ्या. ऊन पडलं की तो उलट जास्त स्पष्ट दिसतो.

पाण्याचं असं करा. वायरी डबीत खालून घ्या आणि त्यांना खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी ओघळून गळून जाईल. वरच्या फटी सिलिकॉनने बुजवा. तळाला एक बारीक छिद्र ठेवा, आतली वाफ बाहेर जायला. गाडी धुवायला देताना मीटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. धुण्याच्या पाइपचा जोर पावसापेक्षा जास्त असतो.

हादरे तर आपल्या रस्त्यांवर आहेतच. टोचून बसवायच्या वायरी गाडीवर टिकत नाहीत. सगळे सांधे सोल्डर करा. डबीखाली रबराचे वॉशर द्या. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाते का? थोडी सैल सोडा, पण ती केबलमध्ये किंवा हँडलच्या खाचेत अडकणार नाही अशी बांधा. आठवड्याने सगळे स्क्रू पुन्हा तपासा.

पडद्यावर काय दाखवायचं? मोठा वेग, खाली किलोमीटर, कोपऱ्यात वेळ आणि बॅटरीचे व्होल्ट. बस. बॅटरीचे व्होल्ट हा खरा फायद्याचा आकडा आहे. इंजिन चालू असताना तो वाढला नाही तर चार्जिंग होत नाही, हे गाडी बंद पडायच्या आधीच कळतं. गाणी, मेसेज, फोन करणाऱ्याचं नाव, चमकणारी चित्रं यातलं काही नको.

ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या पुढे जाते. तुम्ही दोन सेकंद पडद्याकडे बघितलं तर तेहतीस मीटर न बघता गेलात. ऊसतोडीच्या दिवसांत कोपरगाव, येवला, गंगापूरकडच्या रस्त्यांवर रात्री काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. उसाने भरलेल्या ट्रॉल्या. कितीतरींच्या मागे ना लाइट, ना रिफ्लेक्टर. तेहतीस मीटरमध्ये ट्रॉली दिसायची राहून जाते. रात्री पडद्याचा उजेड कमी होईल अशी सोय नक्की ठेवा. डोळ्यांवर उजेड आला की पुढचा अंधार आणखी गडद होतो.

पहिला महिना नवा मीटर लावलेली गाडी घरातल्या इतरांना देण्याआधी त्यांना नीट सांगा. काकूंना किंवा आजोबांना हा नवा डबा कशाचा आहे ते माहीत हवं. तो बंद पडला तर काही करायचं नाही, जुना मीटर बघायचा आणि घरी यायचं, एवढं सांगून ठेवा. फ्यूज कुठे आहे ते दाखवा. जोडणीचं साधं चित्र कागदावर काढा, कोणत्या रंगाची वायर कुठे गेली ते लिहा आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. उद्या तुम्ही शिकायला पुण्याला किंवा संभाजीनगरला गेलात तर गावातला मेकॅनिक तो कागद बघून काम करू शकेल.

आणि गाडी विकायची वेळ आली तर नवा मीटर काढून घ्या. मधली जोड-वायर काढा, मूळ कपलर एकमेकांत बसवा. गिऱ्हाइकाला मूळ मीटर आणि सुरुवातीचा फोटो दाखवा. काढलेला मीटर पुढच्या गाडीला लावता येईल. फक्त सुरुवातीचा आकडा त्या गाडीच्या मीटरवरून घ्या.